आबांचा आवाज टेप करताना

भिकन केदारे नेमकं काय काम करतो, हे नाशिकरोडच्या त्या कॉलनीत कुणालाच धड सांगता आलं नसतं. अंबडच्या कारखान्यात एक थंडगार खोली आहे, तिथे चपला बाहेर काढून आत जायचं आणि कॉम्प्युटरपुढे बसायचं, एवढं लोकांना कळलं होतं. "चपला काढायच्या म्हंजे विहारच की तो," असं शेजारच्या झुंबरबाईंनी ठरवून टाकलं होतं. भिकनचे वडील सावळीराम मनमाडच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर फिटर होते. ते विचारणाऱ्याला सांगायचे, "आम्ही मशीनला हातोडी मारत होतो. आमचा भिकन मशीनला हुकूम सोडतो." १९८७ साली सॉफ्टवेअरची याहून चांगली व्याख्या निदान त्या गल्लीत तरी नव्हती.

कारखान्यातलं काम पोटासाठी. भिकनचा खरा जीव घरच्या कॉम्प्युटरवर होता. कारखान्यातल्या साहेबांनी परदेशातून मुलासाठी आणलेला आणि मुलगा कंटाळला म्हणून भिकनला देऊन टाकलेला तो रबरी बटणांचा ठोकळा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, म्हणून घरच्या टीव्हीला जोडायचा. लिहिलेलं सांभाळून ठेवायची सोय नव्हती, म्हणून घरच्या टेपरेकॉर्डरला जोडायचा. टेपच्या माईकच्या भोकात कॉम्प्युटरची वायर खुपसली की प्रोग्राम किर्र आवाज करत कॅसेटवर उतरायचा. मग भिकन तो परत वाचून पाहायचा, सगळं जुळतंय की नाही. त्याशिवाय तो जेवायला उठत नसे. एकदा महिनाभराचं काम कॅसेटने गिळलं होतं, तेव्हापासून तो ताकही फुंकून पीत होता.

त्याला टीव्हीवर मराठी अक्षरं उमटवायची होती. यंत्राला इंग्रजी तेवढं येत होतं. भिकन चौकटीच्या कागदावर ठिपके भरून एकेक अक्षर घडवायचा आणि मग ते यंत्राला शिकवायचा. साधी अक्षरं झाली, जोडाक्षरांनी मात्र त्याचा घाम काढला. येत्या चौदा एप्रिलला टीव्ही विहारात न्यायचा आणि पडद्यावर 'जय भीम' दाखवायचं, हे त्याने मनाशी धरलं होतं. त्यापायी त्याच्या आईला, चांगुणाबाईंना, टीव्हीचं तोंड दिसेना. "टीवी हाय का पाटी हाय?" असं त्या रोज विचारायच्या, आणि रोज त्याच पाटीपुढे त्याला चहा आणून द्यायच्या.

त्याच हिवाळ्यात सावळीरामांचा घसा बसला तो उठेचना. आधी आल्याचा काढा झाला, मग हळद-दूध, मग गल्लीतला डॉक्टर. शेवटी मोठ्या दवाखान्यात दाखवलं. घशात कॅन्सर निघाला. मुंबईहून येणाऱ्या सर्जनने भिकनला बाजूला घेऊन सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बोलणं संपेल.

दुसऱ्या कुणाचा आवाज गेला असता तर गोष्ट वेगळी. सावळीरामांची मनमाडला गाण्याची पार्टी होती. ऐन कार्यक्रमात लाऊडस्पीकर बंद पडला तरी त्यांचं अडत नसे, मागच्या रांगेतली म्हातारी माणसंही माना डोलवायची. एक गाणं त्यांनी स्वतः रचलं होतं, त्यांच्या आईने त्यांना शाळेत कसं घातलं त्याचं. ते त्यांनी कधी कागदावर उतरवलं नाही, कारण दर खेपेला त्यात एखादं कडवं नवं यायचं आणि एखादं गळायचं. कॉलनीत लग्न असो की जयंती, त्या गाण्याशिवाय मंडळी उठत नसत.

दवाखान्यातून आले त्या दिवशी सावळीराम मुलाच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. वाटेतच त्यांनी भिकनकडून सगळं काढून घेतलं होतं. आवाज घोगरा झाला होता, पण सूर सुटला नव्हता.

"भिकन, तुझा ह्यो टेप माणसाचा आवाज बी धरतो का रं?"

"धरतो की आबा."

"मग माझं गाणं भरून घे. नंतर तू कितीबी हुकूम सोड, या नरड्यातून काय निघायचं नाय."

"या रविवारी घेऊ, आबा."

तो रविवार गेला, पुढचाही गेला. भिकन 'क्ष'मध्ये अडकला होता, असं तो आईला सांगायचा. खरं तर त्याला भीती वाटत होती. आवाज भरून घ्यायचा म्हणजे तो जाणार हे कबूल करायचं, आणि तेवढं त्याच्याने होत नव्हतं. त्यापेक्षा ठिपके बरे होते. चुकले तर पुसता यायचे.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी चांगुणाबाईंनी त्याचं काही चालू दिलं नाही. त्यांनी शेजारीपाजारी बोलावणं धाडलं. दुपारी घर भरलं. मनमाडच्या पार्टीतले जुने ढोलकीवाले पुंजाराम ढोलकी घेऊन आले, बायका दारापर्यंत दाटीवाटीने बसल्या. कॉम्प्युटर टेबलावर तसाच होता. त्याची वायर टेपमध्ये तशीच होती. ते जोड सैल होते, एकदा काढले की परत बसवताना नाकीनऊ यायचे. भिकनने त्यांना हात लावला नाही. कॅसेटची कोरी बाजू लावली, दोन बटणं एकदम दाबली, लाल दिवा लागला. चाकं फिरायला लागलेली त्याने डोळ्यांनी पाहिली.

सावळीराम गायले. काय गायले! घोगऱ्या आवाजालाच त्यांनी कामाला लावलं. गाण्यातल्या आईने लुगड्याच्या पदरात पाटी झाकून नेली तिथे ते थांबले, डोळे पुसले आणि एक अगदी नवं कडवं म्हटलं. त्यात भिकन होता, त्याची थंड खोली होती, दाराबाहेर काढलेल्या चपला होत्या. झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. पुंजारामांची थाप एकदा चुकली आणि कुणी हसलं नाही.

गाणं संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "लाव रे भिकन, ऐकू दे."

"आत्ता कशाला?" सावळीराम म्हणाले. "आवाज हाय तवर कशाला ऐकायचा? नसंल तवा ऐकू."

सगळे हसले. भिकनही हसला आणि कॅसेट काढून डबीत ठेवली. स्वतःचा एवढासा प्रोग्रामसुद्धा तपासल्याशिवाय न सोडणारा हा गडी, बापाचं गाणं मात्र त्याने परत लावून पाहिलं नाही. एकटा असताना ते ऐकायचा त्याला धीर नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. सावळीरामांच्या गळ्याला पुढून भोक पडलं होतं, त्यात नळी होती आणि श्वास तिथूनच जात-येत होता. दुपारभर उशीला टेकून ते खिडकीबाहेर बघत बसायचे. थोडी ताकद आल्यावर त्यांनी भिकनला हाताने खूण केली. दोन बोटं गोल फिरवली, कानाला लावली. कॅसेट.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकन टेप घेऊन वॉर्डात गेला. चांगुणाबाईंनी नवऱ्याच्या पाठीशी उशी सारखी केली. शेजारच्या खाटेवरचे वणीचे पाव्हणेही कान देऊन बसले. भिकनने बटण दाबलं.

सूंऽऽ असा बारीक आवाज येत राहिला.

"येईल, येईल," चांगुणाबाई म्हणाल्या. "जरा मोठा कर."

भिकनने मोठा केला. सूंऽऽ मोठं झालं. त्याने कॅसेट पुढे पळवली, आणखी पळवली. मग उलटी करून लावली, तर त्याच्या अक्षरांचा किर्र आवाज इतक्या जोरात निघाला की सावळीराम दचकले. भिकनने टेप बंद केला. माईकच्या भोकात वायर असली की टेपचा स्वतःचा माईक बंद पडतो, हे कॉलनीत फक्त त्यालाच माहीत होतं. चाकं फिरत होती, दिवा लागला होता, सगळी कॉलनी ऐकत होती. टेपला मात्र मुक्या कॉम्प्युटरशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"आबा, काही भरलंच गेलं नाही," तो म्हणाला. "वायर काढायची राहिली. माझ्या हातून राहिली. गाणं नाही, काहीच नाही."

त्याने खाटेच्या दांडीवर कपाळ टेकलं आणि एकोणतीस वर्षांचा तो बाप्या माणूस भर वॉर्डात हुंदके देऊन रडायला लागला. चांगुणाबाई बंद टेपकडे बघत राहिल्या.

सावळीरामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस ओढून त्याचं तोंड वर केलं. त्यांचे ओठ हलले. काहीतरी दोन शब्द होते. गळ्यातल्या नळीतून नुसता वारा फुसफुसला. त्यांनी पुन्हा म्हटलं, जोर लावून, गळ्याच्या शिरा ताणून. पुन्हा वाराच आला.

"काय हो? पानी पायजे का?" चांगुणाबाईंनी विचारलं आणि भांडं पुढे केलं.

सावळीरामांनी जोरजोरात मान हलवली, भांडं सारलं आणि भिकनकडे बघत तेच दोन शब्द तिसऱ्यांदा म्हटले. 'असू दे' म्हणत होते ते. भिकनला ते ओठांवरून कळत होतं आणि कळूनही तो कान लावून वाट बघत राहिला, की एकदा तरी ऐकू येईल.