एका प्रार्थनेइतकी आच

मित्रांनो, चिमट्यासारख्या लांब दांड्यांचा मी एक जुना लोखंडी साचा आहे. लोहाराने माझ्या पोटात क्रूस कोरला, तेव्हाच माझं काम ठरलं. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाला मोडून सगळ्यांना वाटतात, ती पातळ भाकर भाजायची. बाकी कशाची मला उठाठेव नाही.

माझी मालकीण आत्या. चर्चची सगळी मंडळी तिला आत्याच म्हणतात. दर शनिवारी सकाळी ती हात धुऊन, डोक्याला रुमाल बांधून शेगडीपुढे बसायची. पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. घड्याळही नाही. एका बाजूला प्रभूची प्रार्थना एकदा, उलटून दुसऱ्या बाजूला एकदा, की भाकर तयार. मन भरकटलं की प्रार्थना घाईत उरकते, नाहीतर मध्येच अडते. मग भाकर कच्ची राहते किंवा करपते. तीस वर्षांत आत्याची एकही बिघडली नाही.

मदतीला येणाऱ्यांचं मात्र विचारू नका. गायकमंडळाची पुढारीण आली. ओठांवर प्रार्थना आणि डोक्यात उद्याचा पोशाख. तिच्या भाकरीचा कोळसा झाला. मंडळीचे चिटणीस आले. त्यांनी प्रार्थना अशी उरकली, जणू गाडी सुटत होती. त्यांची भाकर दाताला चिकटली. भक्तीचा एवढा गाजावाजा, आणि दोन मिनिटं चित्त जाग्यावर नाही. मला त्यांची कीवसुद्धा आली नाही.

मग आत्याचा हात थरथरू लागला. चर्चचे पाळक म्हणाले, "आत्या, भाकरीची तयार पाकिटं मागवू का?"

"या शनिवारी माझी भाचसून करेल. नाही जमलं तर मागवा. दहा वाजता येऊन बघा."

पाकिटं आली असती, तर मी कायमचा खुंटीला.

भाचसुनेने मला उलटंपालटं करून पाहिलं. "आत्या, यात आइस्क्रीमचे कोन मस्त होतील."

कोन! पोटात क्रूस घेऊन मी आइस्क्रीमचे कोन भाजायचे!

तिने मोबाइलवर गजर लावला आणि त्याच मोबाइलवर मैत्रिणीशी बोलत बसली. गजर वाजला, तिने तो बंद केला, बोलणं मात्र चालूच. पहिली भाकर करपली. घाबरून दुसरी लवकर उघडली, ती कच्ची. असं करता करता एका भाकरीपुरतं पीठ उरलं, आणि दहाला पाच मिनिटं होती.

"साचाच बाद झालाय, आत्या."

"साचा आहे तिथेच आहे, बाई. तू कुठे आहेस?"

भाचसुनेने मोबाइल दूर ठेवला. प्रार्थना सुरू केली. क्षमेच्या ओळीवर थांबली.

"आत्या, मी मागे तुम्हाला भुणभुणी म्हातारी म्हणाले होते."

"ऐकू आलं होतं मला. पुढे म्हण, करपेल."

तिने आमेनपर्यंत म्हटली. मला उलटून पुन्हा म्हटली. उघडलं, तर भाकर फिकट सोनेरी, क्रूसाची रेघ न् रेघ उठलेली.

पाळक दारात आले. "एकच?"

"मोडायचीच तर असते," आत्या म्हणाली.

एक कबुली देतो, मित्रांनो. भाचसून प्रार्थना म्हणत होती, तेव्हा मी तिच्या बिघडलेल्या भाकरी मोजत होतो. त्या घटकेला चित्त जाग्यावर नव्हतं ते माझं.

आता दर शनिवारी तीच येते. तुमच्याकडे माझ्यासारखा साचा असला, तर त्याला घासणी लावू नका, क्रूसाच्या रेषा झिजतात. कोरड्या कापडाने पुसा आणि त्याच्या कामालाच लावा. कोन बाजारात मिळतात.