मनगटावरची खूण

साल त्रेपन्न. लढाई संपून चार वर्षं झाली होती आणि गावाला तिची आठवण आता गोड लागायला लागली होती. त्या उन्हाळ्यात बसथांब्याच्या चौकात दर रविवारी सकाळी एक गाणारा उभा राहायचा. गळ्यात पेटी, डोक्यावर तिरकी टोपी, आणि हुकमी पाणी येणारे डोळे. तो गावातल्याच एका माणसाचं गाणं म्हणायचा. ते ऐकून बायका पदर डोळ्याला लावत, पुरुष उगीच घसा खाकरत. आणि ज्याच्यावर गाणं रचलं होतं तो फौजी गर्दीच्या मागे, भिंतीला टेकून, मान खाली घालून उभा असे.

फौजीच्या थोरल्या बहिणीचं लाँड्रीचं दुकान चौकापासून चार दुकानं सोडून होतं. तिला सगळं गाव ताई म्हणे. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. तेव्हा इस्त्र्या कोळशाच्या असत. ताईची पितळी होती, पुढे चिमणीच्या चोचीसारखं टोक, झाकणाच्या कडीवर छोटा कोंबडा. दिवसभर उभं राहून ती चादरी, सदरे, इस्पितळातले डगले सरळ करायची, आणि दुकानाच्या उघड्या दारातून ते गाणं तिच्या कानावर यायचं.

ऐका मंडळी, गोष्ट सांगतो एका जवानाची,
मनगटावरती खूण जयाच्या पेटत्या रानाची.

इथे सगळ्यांचे डोळे फौजीच्या उजव्या मनगटाकडे वळत. तिथे एक तिकोनी डाग होता, गुळगुळीत, गुलाबी. बेकरीवाली तर गाणं संपल्यावर त्या डागाला बोट लावून ते बोट स्वतःच्या कपाळाला लावायची. हीच बेकरीवाली दीड वर्षापूर्वी फौजी समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जात असे. तो झोपेत ओरडतो म्हणून तिनं ताईकडे दोनदा तक्रार केली होती. "आमचं पीठ फुगत नाही बाई त्याच्या आवाजानं," असं तोंड वर करून म्हणाली होती. गाणं आलं आणि तिच्या पिठाचा प्रश्न सुटला.

ताईला गाण्याचं काही वाटलं नसतं. गाणारे गातात, रडणारे रडतात, कुणाचं काय जातं. पण तिसरं कडवं होतं.

दार उघडं, चूल विझलेली, घरात नाही कुणी,
परक्याच्या गाडीत बसून गेली बेइमान त्याची राणी.

प्रत्येक कडव्यानंतर गाणारा पेटी थांबवून विचारायचा, "मंडळी, खरं की खोटं?" आणि सगळा चौक एका सुरात म्हणायचा, "खरं." फौजी लढाईवरून आला तेव्हा त्याच्या बायकोनं दारात उभं राहून त्याची पिशवी हातातून घेतली होती, हे निम्म्या चौकानं पाहिलं होतं. पुढे दोन वर्षं ती रोज सकाळी बेकरीत पाव आणायला जात होती. बेकरीवालीनं तिला रोज पाव दिला होता. तीच बेकरीवाली आता सगळ्यांच्या वरच्या पट्टीत "खरं" म्हणत होती. माणसाची जीभ लांब असते आणि आठवण आखूड, दुसरं काय.

गुरुवारी टपालानं पत्र आलं. भावजयीचं अक्षर ताईनं लांबूनच ओळखलं.

"वन्सं, तुम्ही लिहिलंत की आता त्यांना बरं आहे, कुणी अंगाला हात न लावता, नुसती हाक मारून उठवलं तर दचकत नाहीत. मी विचार केला. रविवारी अकराच्या बसनं येते. राहण्यासारखं वाटलं तर राहीन, नाही तर संध्याकाळच्या बसनं परत. थांब्यावर तुम्ही या. त्यांना नका आणू, मी घरी येऊन भेटेन."

ताईनं पत्र दोनदा वाचलं. अकराची बस म्हणजे तिसरं कडवं. भावजय पायरीवरून खाली उतरणार आणि सगळा गाव तिच्या तोंडावर "खरं" म्हणणार. मग ती राहते कशाला. ट्रंक खालीसुद्धा ठेवणार नाही.

शनिवारी फौजी दुकानात चादरींच्या घड्या घालत होता. घड्या सुरेख घालायचा, कोपऱ्याला कोपरा.

"उद्या तुझी बायको येतेय," ताई म्हणाली.

त्याचे हात थांबले. "कशाला?"

"तुझं थोबाड बघायला. त्या बुवाला सांग, गाणं बंद कर म्हणावं. निदान तेवढं कडवं."

"गाणं त्याचं आहे, ताई."

"आणि त्याला सांगितलं कुणी? कावळ्यानं?"

फौजीनं चादर पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. "त्यानं मनगट बघितलं. म्हणाला, लढाईतलं का? मी हो म्हटलं. मग तो विचारत गेला, मी हो म्हणत गेलो. म्हणाला, बायको गेली का सोडून? आता गेलीच होती की."

"कोळसेवाल्याच्या गाडीत मी बसवलं तिला. पासष्टचा तो म्हातारा, कानानं ठार बहिरा. तो तुमच्या गाण्यातला परका. तिनं रंग उधळायला चांगला शोधला हो."

"मी कुठे म्हटलं तसं."

"तू काहीच म्हणत नाहीस. तुझं सगळं दुसराच म्हणतो."

त्यानं घडीची कड तळहातानं दाबली. मग हळूच म्हणाला, "ताई, आता लोक मला बघून रस्ता ओलांडत नाहीत."

ताईनं इस्त्री जाळीवर ठेवली. तिला क्षणभर त्याची कीव आली आणि लगेच त्या किवेचाच राग आला. "लोकांनी रस्ता ओलांडू नये म्हणून बायकोला चिखलात लोटलीस," ती म्हणाली. "काय पण सौदा."

दुपारी ती बेकरीत गेली. गाणारा तिथेच बाकावर बसून फुकटच्या चहात फुकटचा पाव बुडवत होता.

"बुवा, ते तिसरं कडवं गाळा."

"ताई, तिसरं गाळलं तर उरतं काय? गेला, लढला, आला. असे पुष्कळ आले." त्यानं टोपी मागे सारली. "आणि खोटं वाटत असेल तर आमच्या धंद्यात सोय आहे की. जिवंत माणसाचं गाणं त्याच्या गावात म्हणायचं तर विचारावं लागतं. त्याच्या घरच्यानं खोटं म्हटलं की त्या गावात ते गाणं बंद. माझ्या गुरूनं पाळलं, मीही पाळतो."

"मग मी म्हणते खोटं."

"इथे नाही. चौकात. आणि नुसतं खोटं म्हणून चालत नाही, खरं काय ते सांगावं लागतं. चारचौघांत, ज्याचं गाणं त्याच्या समोर." तो हसला. त्याचे दात छान होते. "वीस वर्षं गातोय, ताई. अजून एकाही घरानं सांगितलेलं नाही."

तो बरोबर बोलत होता. दीड वर्ष तिनं तरी काय सांगितलं होतं? "भावजय माहेरी गेलीय, तिच्या आईला बरं नसतं." जो विचारेल त्याला हेच. भावाची अब्रू झाकायला तिनं जी जागा रिकामी सोडली होती, त्यात ह्या पेटीवाल्यानं आपलं बिऱ्हाड थाटलं होतं.

खरं काय ते असं होतं. दुपारची वेळ. फौजी दुकानामागच्या खोलीत झोपला होता. बायको चहाचा कप घेऊन गेली आणि तिनं खांद्याला हात लावून त्याला उठवलं. ताईला आधी कप फुटल्याचा आवाज आला आणि मग कसलाच आवाज आला नाही. ती हातातल्या इस्त्रीसकट आत धावली. फौजीचे दोन्ही हात बायकोच्या गळ्याभोवती होते, डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत कुणीही नव्हतं. ताईनं हाका मारल्या, केस ओढले, लाथ घातली. बायकोचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा तिनं तापलेल्या इस्त्रीचं टोक त्याच्या मनगटावर टेकवलं आणि बोटं सुटेपर्यंत दाबून धरलं. पुढचा सगळा दिवस तो कोपऱ्यात बसून "मी काय केलं, मी काय केलं" म्हणत होता. संध्याकाळी कोळसेवाल्याची गाडी आली. भावजय जायला तयार नव्हती. ताईनंच तिची ट्रंक भरली.

रविवारी साडेदहाला ताईनं इस्त्रीतले निखारे पाण्यात विझवले, राख झटकली, आणि गार झालेली इस्त्री हातात घेऊन चौकात गेली.

"ताई, अंगावरच इस्त्री करणार की काय?" कुणीतरी म्हणालं. "माझा सदरा बघा, चुरगळलाय."

"तुझं तोंड जास्त चुरगळलंय," ताई म्हणाली, आणि पुढे जाऊन उभी राहिली.

पहिलं कडवं झालं. खरं. दुसरं झालं. खरं. तिसऱ्याला गाणाऱ्याचा आवाज असा काही कापला की बेकरीवालीनं रुमाल आधीच काढून ठेवला. चौकाच्या टोकाला बस येऊन थांबली. गाणाऱ्यानं पेटी थांबवली. आज त्यानं ताईला पाहिलं होतं, म्हणून त्यानं आपली बाजू आधीच पक्की केली.

"मंडळी खरं म्हणतात. पण घरचा माणूस काय म्हणतो?" त्यानं भिंतीकडे हात केला.

फौजीनं ताईकडे पाहिलं नाही. "खरं," तो म्हणाला.

"खोटं," ताई म्हणाली.

चौक हलला. बेकरीवाली म्हणाली, "अगो बाई, सख्खा भाऊ खरं म्हणतोय ना."

"तू गप. तुझ्या हातचा पाव दोन वर्षं रोज न्यायची ती. उघड्या डोळ्यांनी विकलास आणि आता म्हणतेस घरात नव्हतीच." ताईनं गाणाऱ्याकडे तोंड केलं. "तुमचा नियम आहे ना बुवा, खरं सांगायचा? ऐका तर. त्याची बायको कुणाबरोबर पळाली नाही. तिला मी पाठवली, ती जिवंत राहावी म्हणून. ह्यानं झोपेत तिचा गळा आवळला होता. मुद्दाम नाही. ह्याला कळलंसुद्धा नाही. आणि ती खूण वैऱ्याची नाही. माझी आहे."

मागून एकजण म्हणाला, "कशावरून?"

ताई गर्दीतून भिंतीपर्यंत गेली. लोक बाजूला होत गेले. भावासमोर उभी राहिल्यावर मात्र तिचा हात पुढे होईना. त्याला तिनं अंघोळ घातली होती लहानपणी, शाळेत नेला होता हाताला धरून. तिनं त्याचा हात ओढला असता तर तो ओढू देणार होता, हे तिला दिसत होतं. त्याचा तो नेहमीचाच ढिला हात.

"ह्या खेपेला तुझं तू सांग," ती म्हणाली.

फौजीनं बाही वर केली. मनगट पुढे केलं, तिच्या हातातली इस्त्री स्वतः धरून तिचं पितळी टोक डागावर ठेवलं. इंच न इंच बसलं. चोचीचा वाकसुद्धा.

"इस्त्रीच आहे," तो म्हणाला. "तिची काही चूक नव्हती."

सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो त्याआधी गावात कधी बोलला नव्हता. जागेपणी तरी नाही. बेकरीवालीनं आपलं बोट, तेच ते कपाळाला लावायचं, हळूच पदराला पुसलं. लोकांना एकदम आपापली कामं आठवली. पाच मिनिटांत चौक असा रिकामा झाला, जसा बाजार उठतो.

गाणाऱ्यानं पेटीचा पट्टा आवळला. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला आणि उभ्या असलेल्या बसमध्ये चढला.

बसच्या पायरीपाशी ट्रंक घेऊन भावजय उभी होती. तिनं तिसऱ्या कडव्यापासून सगळं ऐकलं होतं. ती ताईपाशी आली, वाकून नमस्कार वगैरे काही केला नाही. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ट्रंक जड आहे. धरणार का?"

त्यानं धरली.

भावजय संध्याकाळच्या बसनं गेली नाही. मागच्या खोलीत ताईजवळ झोपायला लागली, आतून कडी लावून, आणि फौजी बाहेर दुकानात. तीन वर्षांनी कडी लावायची सोडली. नवऱ्याला ती दारातूनच हाक मारून उठवायची, आणि कप फरशीवर ठेवून मागे सरकायची. शेवटपर्यंत.

फौजीला बघून लोक पुन्हा रस्ता ओलांडायला लागले. त्यानं लाँड्रीतच घड्या घातल्या, एकोणतीस वर्षं. झोपेत ओरडणं कमी झालं, गेलं नाही. बेकरीवाली त्याचा पाव काउंटरच्या लांबच्या टोकाला ठेवायची, म्हणून पाव पुन्हा त्याची बायकोच आणू लागली. बेकरीवाली पुढे मुलाकडे राहायला गेली आणि तिथे म्हणे सगळ्यांना सांगायची की त्या घराची बाजू घेणारी एकटी तीच होती.

गाणाऱ्यानं नियम पाळला. त्या गावात ते गाणं पुन्हा म्हटलं नाही. पुढच्या गावात म्हटलं, आणखी एक कडवं घालून. पुढे त्याचे दात पडले, पण त्याआधी गाणं रेडिओवर गेलं होतं. ताई सत्तरीला आली होती, दुकानात विजेची इस्त्री आली होती, तेव्हा एका सकाळी तिनं ते ऐकलं.

वैऱ्याच्या आगीतून वाचून आला, बहिणीनं पोळला,
सख्ख्या हातानं सख्ख्या भावाचा जीवच जाळला.

भावजय रेडिओ बंद करायला उठली. "राहू दे," ताई म्हणाली. "बघू तरी, शेवटी मला मारतोय का." पण गाण्यात शेवटी रडली ती बहीणच, ढसाढसा, चौकात. तेव्हा मात्र ताईनं स्वतःच उठून बटण फिरवलं, आणि समोरच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून घेतली.