जिवलीच्या अंगठ्याची शाई

मित्रांनो, मी एक जुना, सुकलेला शाईचा पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी आणि आत जांभळ्या शाईचं कापड, एवढाच माझा जीव.

१९८२ साली पालघरच्या एका दुकानात मी धूळ खात पडलो होतो. तिथून पुष्पलताबाईंनी मला उचललं. त्या बेटेगावजवळच्या पाड्यावर बायकांचं मंडळ उभं करत होत्या. अर्ज कसा करायचा, पोलीस तक्रार घेत नसतील तर काय बोलायचं, हे त्या शिकवत. सही कुणालाच येत नव्हती, म्हणून मी लागलो. पहिल्याच वर्षी सतरा अंगठ्यांच्या अर्जाने वाटेवरचा दारूचा गुत्ता उठला. बायकांनी मला कुंकू लावलं! मी असा फुगलो की झाकण बसेना.

मग मंडळातल्या जिवलीचा मुलगा जिव्या गेला. बोईसरच्या एका कारखान्यात टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वाफेने गुदमरला. बायका जिवलीपाशी बसलेल्या असतानाच कंत्राटदाराचा माणूस आला. काय झालं ते त्याने विचारलं, जिवलीने रडत सगळं सांगितलं. त्याने मान हलवत ऐकलं आणि कोरा कागद पुढे केला.

"साहेब निघायच्या घाईत आहेत, मावशी. तू बोललीस ते ऑफिसात टाइप करतो. अंगठा तेवढा दे."

पाड्याची रीत अशी, की चारचौघांत बोललेलं पक्कं, कागद मागाहून. कुणाच्या मनात पाल चुकचुकली नाही. मंडळातल्या तरुण बायडीने झाकण उघडलं. जिवलीचा अंगठा माझ्यावर टेकला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा अभिमानच वाटला.

त्या कागदावर नंतर टाइप झालं, की जिव्या त्या दिवशी कामावर नव्हताच, असं त्याच्या आईनेच सांगितलं. चौकशी तिथेच संपली.

हे कळताच पुष्पलताबाई धावत आल्या आणि जिवलीशेजारी ओट्यावर बसल्या. "मी तुम्हाला न भिता अंगठा द्यायला शिकवलं. कधी द्यायचा नाही, ते शिकवलंच नाही. चूक माझी आहे."

"बाय, माजा पोरगा कामाला नव्हता, असा माजाच अंगठा सांगतो," जिवली म्हणाली. "आता मी कोनाला काय सांगू?"

त्यानंतर वर्षभर पुष्पलताबाई बायडीला वाचायला शिकवत राहिल्या. कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय माझं झाकण उघडायचं नाही, असं मंडळाने ठरवलं. मला सांभाळायचं काम जिवलीने मागून घेतलं.

दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा आला. या वेळी मंडळातल्या सोमीचा हात त्याच कारखान्यात भाजला होता. कागद तसाच, घाईही तशीच. जिवलीने मला मुठीत घट्ट धरलं.

"बायडी, आदी वाच."

बायडीने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "वाचायला कायच नाय."

"मंग उघडायचा पन नाय."

सोमीची हकीकत बायडीने स्वतः लिहिली, सगळ्यांना वाचून दाखवली, तेव्हाच मी उघडलो. कारखान्याला आपली चूक कबूल करावी लागली. जिव्याची चौकशी मात्र पुन्हा झालीच नाही.

पुढे बायका सह्या करू लागल्या आणि मी सुकत गेलो. जिवली अजून कधी कधी झाकण काढते, कोरड्या कापडावर अंगठा दाबते आणि त्याच्याकडे बघत बसते. अंगठा स्वच्छच असतो. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, माझ्यावर नवी शाई घाला, असं मी म्हणत नाही. पण कुणी घाईने अंगठा किंवा सही मागितली, तर आधी कागद मोठ्याने वाचायला लावा. जिवलीचा तो कागद अजून कुठल्यातरी कपाटात आहे, आणि त्याच्यावरची शाई माझी आहे.