पाटीवरचा तो चेंडू मी नव्हे

मी बेसबॉलचा एक जुना चेंडू आहे. बंदराकाठच्या आमच्या क्लबात काचेच्या पेटीत, मखमलीवर बसतो. पुढ्यात पितळी पाटी आहे: 'विक्रमी सामन्याचा शेवटचा चेंडू'. मित्रांनो, ती पाटी खोटी आहे, आणि त्या खोट्यावर मी एकतीस वर्षं मिरवतो आहे.

बुचाच्या गाभ्यावर लोकर गुंडाळून, पांढरं कातडं ताणून एका बाईने मला हाताने एकशे आठ टाके घातले. सामन्यात खेळावं ही हौस होती; नशिबी आली सरावाच्या चेंडूंची बादली.

फाउस्तो आमचा गोलंदाज. एकतीस वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी त्याच्यापुढे सव्वीस फलंदाज आले आणि सव्वीसही हात हलवत परत गेले. एकालाही धावत पहिल्या बेसपर्यंत पोचता आलं नाही. आमच्या मैदानावर असं कधीच घडलं नव्हतं. सत्ताविसाव्याने, म्हणजे शेवटच्याने, उंच टोला मारला. मैदानात डावीकडे उभ्या आमच्या साबासने तो झेलला आणि तसाच प्रेक्षकांत भिरकावला! डाव संपला की चेंडू लोकांकडे फेकायचा, ही आमच्याकडची रीत. हात सवयीने चालला. हा चेंडू जपायचा होता हे डोक्यात शिरेपर्यंत तो गर्दीत गडप झाला.

"चेंडू कुठाय रे?" फाउस्तो ओरडला.

"आणतो, आणतो! पळून जातोय का तो!" म्हणत साबासने बादलीतून मला उचललं. फाउस्तोने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला आणि ढसाढसा रडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे महापौर आले, शाळांच्या सहली आल्या. "हाच तो!" म्हणत लोक काचेला नाक लावत. मी आपला आयत्या बिळावर नागोबा.

परवा क्लबने जुन्या खेळाडूंना बोलावलं. फाउस्तोने मला हातात घेतलं. त्याची वाकडी झालेली बोटं टाक्यांवरून फिरली आणि थांबली. हातातून निसटू नये म्हणून सामन्याचा प्रत्येक चेंडू आधी नदीच्या गाळाने चोळतात. तो गाळ टाक्यांत बसतो तो बसतोच. माझ्यात त्याचा कणही नव्हता.

"साबास, हा बादलीतला आहे," तो हळूच म्हणाला.

साबासची मान खाली गेली. "सवयीने फेकला रे. सांगायचं धाडस झालं नाही."

"म्हणून माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाहीस? बाप्तिस्म्याला तिला हातात घेतलेला धर्मपिता तू! मला वाटलं, माझं नाव झालं म्हणून जळतोस."

"कुठल्या तोंडाने येणार होतो?"

"गाढवा! चेंडू गेला तर गेला. एकतीस वर्षं कुठून आणू आता?"

मी समजत होतो, मी फक्त एका चेंडूची जागा बळकावली. मित्रांनो, मी तर एका घरातला माणूस तोडला होता. माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण हातून चूक झाली, तर त्याच संध्याकाळी जाऊन सांगा. समोरचा रागावेल, शिव्या देईल, आणि मग जेवायला बसवेल.