तेवीस ओहम

वायरमनने इस्त्रीची एक वायर सुटी करून तिला चिमटा-मीटर लावला आणि म्हणाला, “आता कुणी बोलू नका.”

लाँड्रीचा मालक आणि तिथे इस्त्री करणारी मावशी, दोघंही मीटरकडे बघत होते. टेबलामागचा बोर्ड काल दुपारी जळाला होता. भिंत छतापर्यंत काळी झाली होती, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा एक गठ्ठा टेबलाशेजारी राख होऊन पडला होता. इस्त्री तेवढी शाबूत राहिली, म्हणून तिला दाराजवळच्या जाड वायरीच्या बोर्डावर लावलं होतं. इस्त्री चालू ठेवून मावशी बाहेर गेली असणार, हे मालकाने ठरवूनच टाकलं होतं. तसा कागदही त्याने लिहून आणला होता. वायरमनने सही केली की मावशी उद्यापासून घरी.

“मी जागेवरून हलले नाही हो,” दारात उभी असलेली मावशी म्हणाली. “आणि इस्त्रीलाही नावं ठेवू नका. या वायरमनदादांनी तीनदा दुरुस्त केली. दर वेळी आधीपेक्षा लवकर तापायची. दादांच्या हातालाच गुण आहे.”

हे कौतुक वायरमनने वर्षभर ऐकलं होतं आणि दर वेळी अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आज त्याने मीटरवरून नजर उचलली नाही.

आकडा थांबला. दहा अँपिअर. बोर्डावर दोनशे तीस व्होल्ट होते.

कानावरची पेन्सिल काढून त्याने टेबलावरच मांडलं. दोनशे तीस भागिले दहा, तेवीस ओहम. दोनशे तीस गुणिले दहा, तेवीसशे वॅट. इस्त्रीवरची पट्टी हजार वॅट सांगत होती, आणि हजाराला त्रेपन्न ओहमची कॉईल लागते. त्याने पुन्हा मांडून पाहिलं. गणित काही त्याची भीड धरेना.

कॉईल, म्हणजे इस्त्रीतली तापणारी तार, तुटली की नवी घालायची असते. पण जळकी टोकं छाटून उरलेली तार जोडण्यात त्याचा हातखंडा होता. “नवी कशाला? मी आहे ना!” दर वेळी तार आखूड झाली, करंट वाढला, आणि पाच अँपिअरची बिचारी वायर भिंतीत भाजत राहिली.

“काय निघालं?” मालकाने कागद पुढे सरकवला. “आम्हाला त्या आकड्यांतलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल ते खरं.”

कळणारा तो एकटाच होता. या गल्लीतली पंधरा दुकानं त्याच्या शब्दावर बटण दाबत होती. त्याला भीती वाटली, सरळ भीती. त्याने पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“मावशी कुठेही असती तरी हे जळलंच असतं, मालक. कॉईल निम्मीसुद्धा उरलेली नाही.”

“मग कुणी कापली?”

“मी.”

 मालकाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मावशी टेबलाजवळ आली. आकड्यांवरून तिने बोट फिरवलं.

“म्हणजे लवकर तापायची, ते...”

“गुण नव्हता तो.”

ती राखेच्या गठ्ठ्याकडे पाहत राहिली. काल तिचा हात तिथून वीतभर अंतरावर होता.

“नवी घातली की तापायला किती वेळ लागेल?”

“पूर्वीइतकाच. आताच्या दुपटीहून जास्त.”

“चालेल,” ती म्हणाली. या वेळी तिने ‘दादा’ म्हटलं नाही.