पिनेच्या आतला मायनस

सल्ला देणाऱ्या माणसांचा उन्नतीला संताप यायचा. बाईच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिसलं की ज्याला फ्यूज बदलता येत नाही, तोही शहाणा होतो. ज्युलियस अंकलला फ्यूज बदलता येत होता. टेपरेकॉर्डरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करायचा तो. म्हणून त्याचा तिला जास्तच संशय यायचा.

२००४चा मे. वसईतल्या माणिकपूरच्या एका शाळेत सोमवारपासून तिचा सुट्टीचा वर्ग होता. नववीतली वीस पोरं आणि तिने स्वतः आखलेले वीस छोटे कॉम्प्युटर बोर्ड. मुख्याध्यापिका हेलन मिसनी तोंडावर सांगितलं होतं, "वर्ग नीट झाला तर जूनपासून लॅब तुझी. धूर निघाला तर तू तुझ्या विरारला मोकळी."

फक्त वीज आत घ्यायची सॉकेट बसवायची राहिली होती. त्यासाठीच ती शनिवारी दुपारी ज्युलियसच्या दुकानात आली.

"गोल पिनेची नको, बाय," ज्युलियसने हिरव्या स्क्रूवाल्या कनेक्टरांचा डबा पुढे सरकवला. "ही घे. वायर घाल, आवळ, खलास."

डब्यावर बोटभर धूळ. म्हातारा पडीक माल गळ्यात मारतोय!

"गोल का नको?"

"तू वसईची नाय, म्हणून तुला कळत नाय."

झालं. आता गावकी आली मध्ये. "बोर्ड मी बनवलाय, अंकल. वसईने नाही."

"अ‍ॅडॅप्टर कोण देणार?"

"पोरं घरून आणतील. चिठ्ठ्या गेल्यात. नऊ व्होल्ट, गोल पिन."

"पोरं कुठली? चर्चच्या आजूबाजूचीच ना?"

पोरांची चौकशी कशाला हवी याला? स्वतःचा वर्ग काढायचाय की काय?

ज्युलियसने काउंटरखालून एक काळा अ‍ॅडॅप्टर काढला. "नऊ व्होल्ट, गोल पिन. लाव तुझ्या बोर्डाला."

ती लावणारच होती. पण हा एवढा आग्रह कशासाठी? तिने हात आखडता घेतला. "आधी मीटर द्या."

लाल टोक पिनेच्या आत, काळं बाहेर. आकड्याआधी उण्याची रेघ उमटली, म्हणजे मायनस आत. तिच्या बोर्डात प्लस आत होता. लावला असता तर चिप जळून गेली असती.

"माझ्या कीबोर्डचा आहे," ज्युलियस म्हणाला. "चर्चमध्ये मिस्साला वाजवतो ना, तो. इथे दर दुसऱ्या घरात कोणीतरी चर्चच्या कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवतं. पोरांनी गोल पिन शोधली की हाच हाताला लागणार. याचा मायनस आत."

उन्नतीने बोर्ड अ‍ॅडॅप्टरपासून लांब सरकवला. आता चिठ्ठ्या परत कुठून आणायच्या?

"म्हणून म्हणतो, स्क्रूवाली घे."

"आणि त्यात पोरं वायरी उलट्या खोचणार नाहीत?"

ज्युलियस डब्यावरची धूळ पुसायला लागला. मग ओशाळून हसला. "चार वर्षं पडलाय गं तो डबा."

"वाटलंच मला!"

तिने गोल सॉकेटच घेतल्या, आणि वर दर बोर्डाला चार डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे. प्लस आत असो की बाहेर, हे चौघं मिळून तो चिपच्या बरोबर पायावरच पोचवतात. पहिले चार तिने तिथेच जोडले आणि ज्युलियसचाच अ‍ॅडॅप्टर खुपसला. दिवा लागला. धूर नाही.

"शिकवलं की नाय मी?"

"अर्धं शिकवलंत. अर्धं विकत होतात."

मग तिने स्टूल ओढलं, उरलेले शहात्तर डायोड काउंटरवर ओतले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकेक मीटरवर तपासायला घेतला.