बारा जानेवारीची नोंद

सकाळी दहाला डोंबिवलीच्या रक्तपेढीतून मंजुळेचा फोन आला. मंजुळा खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, रक्तपेढीत टेक्निशियन, आणि संगणकावर तिचा विश्वास शिळ्या बोंबलावर असावा तेवढाच.

"ताई, एक पिशवी अठ्ठावीस डिसेंबरची हाय. तुमचा कंपूटर बोलतंय, तीन फेब्रुवारीपर्यंत चालंल. मी कॅलेंडरवर बोट ठेवून रक्ताच्या मुदतीचे पस्तीस दिवस मोजले, तर एक तारखेला सरली. म्हणजे काल."

"पिशवी बाजूला ठेवलीस?" चित्राने विचारलं.

"ती सकाळीच ठेवली. इचारायला फोन नाय केला, सांगायला केला."

चित्राने फोन ठेवला. ही चूक तिने महिन्याभरापूर्वीच पकडली होती. प्रोग्रॅम सगळे महिने तीस दिवसांचे धरायचा, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस उगाच वाढायचे आणि रोजच्या यादीत मुदत संपलेलं रक्त चालू म्हणून छापलं जायचं. तिने ठाण्याच्या रक्तपेढीसाठी दुरुस्ती केली आणि कल्याण-डोंबिवलीचं काम हाताखालच्या आनंदवर सोपवलं.

ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोसमोर चित्राच्या कंपनीचं ऑफिस. प्रोग्रॅम एकच, पण तिन्ही रक्तपेढ्यांनी त्यात आपापल्या सोयीचे फेरफार करून घेतलेले, म्हणून त्याच्या तीन ब्रँच. एकाच झाडाच्या तीन फांद्या. एकीवरची कीड काढली म्हणून दुसरीवरची जात नाही. ठाण्याची अख्खी फाइल कल्याणवर ठेवावी, तर कल्याणचे फेरफार पुसले जातात. म्हणून बदललेल्या चारच ओळी उचलायच्या, प्रत्येक ब्रँचमध्ये त्यांची जागा शोधून बसवायच्या, चालवून बघायच्या आणि मग नोंद करायची. चित्राने हे आनंदला कागदावर झाड काढून समजावलं होतं, न कंटाळता, दोनदा.

तिने डोंबिवलीची ब्रँच उघडली. नोंद होती: बारा जानेवारी, तारखेची चूक दुरुस्त. कल्याणलाही तीच नोंद, तेच शब्द, दोन मिनिटांच्या अंतराने. मग नोंदीआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून तिने फरक मागितला. पडद्यावर काहीच आलं नाही. एक अक्षरही बदललेलं नव्हतं. बदल नसताना नोंद करायची तर यंत्र अडवतं. त्याला मुद्दाम बजावून सांगावं लागतं. आनंदने तसं सांगितलं होतं.

पेल्यातल्या पाण्यात केस दिसावा तशी तिला शिसारी आली.

आनंद पेढ्यांचे बॉक्स टेबलावर रचत होता. दर्जाचं प्रमाणपत्र देणारी मंडळी तीन वाजता यायची होती आणि पेढे आधीच आले होते. चित्राने नोंदीबद्दल विचारलं, तर तो लाजलासुद्धा नाही. ऑडिटला चुकांची यादी क्लीन लागते, हरिहर सरच बोललेले, चेंज नंतर टाकणार होतो, राहून गेलं, असं त्याने सांगितलं. टपालात पत्र टाकायचं राहून जावं तसं.

चित्रा साहेबांकडे, हरिहर सरांकडे गेली. त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं. आज नवी नोंद पडली तर एकच दुरुस्ती दोनदा दिसेल, पाहुणे नेमकं तेच विचारतील, असं त्यांचं म्हणणं. मंजुळेने पिशवी बाजूला ठेवलीच आहे, बाकीचं सोमवारी.

"आणि कल्याण?" चित्राने विचारलं.

"कल्याणहून तक्रार नाही."

त्यांच्या दाताच्या फटीत पेढ्याचा कण अडकला होता. चित्राला तिथे उभं राहवेना.

ती जागेवर आली. चार ओळी कल्याणच्या ब्रँचमध्ये बसवल्या, मग डोंबिवलीच्या. अठ्ठावीस डिसेंबर घालून पाहिलं. दोन्हीकडे एक फेब्रुवारी आली. नोंदीत तिने लिहिलं: बारा जानेवारीची नोंद खोटी आहे, बदल आज केला. कल्याणचा फोन सतत एंगेज लागत होता. तिने दुरुस्त प्रोग्रॅमची फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि समोरच्या डेपोतून कल्याणची एस.टी. पकडली.

कल्याणच्या रक्तपेढीत गुणाजी एकटाच होता. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. रिसीव्हर बाजूला काढून तो फॉर्म भरत होता आणि समोर ट्रेमध्ये एक पिशवी होती. अडीचला एका बाळंतिणीचं ऑपरेशन होतं. चित्राने पिशवीवरची तारीख वाचली. अठ्ठावीस डिसेंबर.

"ही देऊ नका."

त्याने यादी दाखवली. यादीप्रमाणे पिशवी उद्यापर्यंत चालू होती. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं, पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि फ्रिजमधून ताजी काढली. मग फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदाकडे हात केला. कंपनीचं पत्र होतं, हरिहर सरांच्या सहीचं: तारखेची दुरुस्ती झाली आहे, यादीवर निर्धास्त विसंबावे.

"मी पण हातानेच मोजायचो, मॅडम," गुणाजी म्हणाला. "हे पत्र आलं, तेव्हापासून सोडलं."

आळसाने चूक राहते, तेवढं चित्राला कळत होतं. या लोकांनी मोजणाऱ्या माणसाचं मोजणं बंद केलं होतं.

तिने पेन काढलं, पत्रावर आडवं लिहिलं, 'हे पत्र खोटं आहे. २ फेब्रुवारी १९९६', आणि खाली पूर्ण सही केली. गुणाजीने ते वाचलं, कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि फ्रिजमधली पुढची पिशवी हातात घेतली.